फुकटच्या क्लासचा खर्च

पुण्यात सहकारनगरमध्ये मी घरी गाण्याच्या शिकवण्या घेते. तिथून स्कूटरवर दहा-बारा मिनिटांत दांडेकर पूल येतो आणि पुलापासून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत वस्त्या पसरलेल्या आहेत. तिथे एक संस्था मुलांसाठी अभ्यासिका चालवायची. २०१६ च्या जूनमध्ये त्यांच्यातल्या एका कार्यकर्त्याने विचारलं, "ताई, शाळा सुटल्यावर आमच्या मुलांना गाणं शिकवाल का? मुलांकडून काही घ्यायचं नाही, तुमचं मानधन जमेल तसं बघू." मी लगेच हो म्हटलं. त्या वेळी आमच्या दोघांच्याही हिशोबात खर्चाची बाजू एकच होती, ती म्हणजे माझी फी. ती सोडली की क्लास फुकट झाला!

आधी जागा शोधायची होती. जवळच्या शाळेचे वर्ग संध्याकाळी रिकामे असायचे, त्यामुळे तिथे परवानगी मागणं साहजिक होतं. अर्ज दिला, पोचपावती घेतली, आणि मग ज्या कार्यालयात तो अर्ज गेला तिथे तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. नकार कुणीच दिला नाही. वीजबिल कोण भरणार, चावी कोणाकडे राहणार, पेटी-तबला चोरीला गेला तर जबाबदार कोण, शिपायाने जादा वेळ का थांबायचं, असे प्रश्न मात्र एकेक करून येत राहिले. प्रश्न चुकीचे नव्हते. ते सगळे एकाच दिवशी विचारले असते तर बरं झालं असतं, एवढंच.

शेवटी वस्तीतल्या समाजमंदिरात सोय झाली. दर गुरुवारी तिथे बायकांचं भजनी मंडळ बसायचं. त्यांची एक पेटी, टाळ आणि एक ढोलकी कपाटात असायची, आणि कपाटाची किल्ली मंडळातल्या सगळ्यात वयस्कर आजींच्या कमरेला. आजींनी मला आधी गायला लावलं. एक अभंग ऐकला, मान डोलावली नाही, पण किल्ली काढून हातात दिली. "गुरुवार सोडून कधीबी या. पेटीचा भाता हळू मारा, फाटलाय." आमचा परवानगीचा कागद तो एवढाच.

आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी सहा ते साडेसात असं ठरलं. वेळ मी ठरवली होती, माझ्या घरच्या शिकवण्या सांभाळून. पहिल्या आठवड्यात हॉलमध्ये मुलं मावेनात आणि महिनाभरात अर्धी गळाली. त्यातही मुली जास्त. चौकशी केल्यावर कळलं की वरच्या गल्ल्यांना त्याच सुमाराला पाणी येतं. आई धुण्याभांड्याच्या कामावरून सातला परतते, तोवर हंडे भरायचं काम घरातल्या मोठ्या मुलीचं. दुपारच्या अधिवेशनातली मुलं साडेपाचनंतर सुटतात, घरी जाऊन काहीतरी तोंडात टाकून येईपर्यंत सव्वासहा. मग वेळ सात ते साडेआठ केली. त्याबरोबर दुसरी अडचण आली: अंधार पडल्यावर मुलींना खालच्या रस्त्याने एकटं पाठवायला घरचे तयार नाहीत. शेवटी मुली तिघी-चौघींच्या गटाने यायच्या आणि जायच्या, शेवटच्या गटाबरोबर आजी. गटातली एक आजारी पडली की कधीकधी बाकीच्याही घरी.

धाकट्या भावंडांचंही एक प्रकरण होतं. अभ्यासिकेचा नियम होता, पाचवीच्या खालची मुलं नकोत. गाण्याला हा नियम लावला असता तर माझ्या सगळ्यात सुरेल दोन मुली पहिल्याच महिन्यात गेल्या असत्या, कारण दोघींच्याही कडेवर कोणीतरी होतं. म्हणून कोपऱ्यात सतरंजी टाकली, आणि बिनभात्याची एक मोडकी पेटी त्या पिलावळीच्या ताब्यात दिली. तिच्या पट्ट्या बडवण्यात त्यांचा वेळ मजेत जायचा. आज त्यांच्यातलाच एक तबला वाजवतो. त्याला कुणी तो शिकवायला बसवलं नव्हतं, क्लास संपेपर्यंत तो तबल्याच्या बाजूला बसून राहायचा, एवढंच.

आता गाण्याकडे येते. घरच्या शिकवणीत मुलं येतात ती दबक्या आवाजात. त्यांना तोंड उघडा म्हणून सांगण्यात पहिले दोन महिने जातात. इथे उलटं. गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारून मारून गळा तापलेला. "सा" लावा म्हटलं की तीस गळ्यांतून आरोळी. समाजमंदिराला पत्र्याचं छप्पर, त्यामुळे आवाज वर जाऊन दुपटीने खाली. मोबाइलवरचा तानपुरा त्यात कुठेच ऐकू यायचा नाही. मी एक छोटा स्पीकर आणला आणि नियम केला की तानपुरा ऐकू येणं थांबलं तर आपला आवाज फार मोठा झाला. हा नियम मुलांना फार आवडला, कारण त्यात एकमेकांना पकडता यायचं.

सुरुवात मी भूप रागाने केली. सा रे ग प ध, पाचच स्वर, मध्यम आणि निषाद वर्ज्य. नवख्याला भूप देतात तो सोपा म्हणून, पण मला त्याचा दुसराच उपयोग झाला. एक मुलगी होती, आठवीतली, आवाज पातळ पण टोकदार. गंधारावर, म्हणजे "ग"वर, थांब म्हटलं की दोन क्षण थांबायची आणि तिचा सूर नकळत वर सरकत मध्यमाला टेकायचा. दुसऱ्या एखाद्या रागात ते खपून गेलं असतं. भूपात मध्यम नाहीच, त्यामुळे चूक उघडी पडते. मी तिला काळी चारच्या पट्टीत नुसता गंधार धरायला लावायचे, पेटी न वाजवता, तानपुऱ्यावर. पहिल्यांदा तिने तो नीट धरला तेव्हा तिच्या कपाळावर आठी होती आणि डोळे माझ्याकडे नव्हते, स्पीकरकडे होते. ती मला नाही, तानपुऱ्याला ऐकत होती. गाणं शिकवताना ज्याची वाट बघावी लागते ते हेच, आणि ते तीस जणांच्या कोरसमध्ये दिसत नाही. एकेकाला वेगळं ऐकावं लागतं. दीड तास, तीस मुलं, म्हणजे प्रत्येकी तीन मिनिटं, तेही बाकीचे गप्प बसले तर.

मध्यंतरी संस्थेकडे एक पाहुणे आले होते. त्यांनी व्हेनेझुएलातल्या 'एल सिस्तेमा'बद्दल सांगितलं. होसे अँतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ साली काराकासमध्ये मूठभर मुलांना घेऊन सुरू केलेलं ते काम आज देशभर पसरलं आहे आणि गरीब घरातल्या लाखो मुलांच्या हातात त्याने व्हायोलिन-ट्रम्पेट दिले. पाहुण्यांचं म्हणणं, तुम्हीही असा वाद्यवृंद काढा. मला ते काम मोठंच वाटतं. पण ऑर्केस्ट्रात प्रत्येकाला आपला लिहिलेला भाग असतो आणि पहिल्या दिवसापासून मुलं एकत्र वाजवतात, एकत्र वाजवणं हेच तिथलं शिक्षण. आपल्याकडे ख्याल, म्हणजे रागदारी गाणारा शेवटी एकटा बसतो. आमच्या मुलांना मी समूहगान शिकवते, स्वातंत्र्यदिनाला ते छान वाजतं-गाजतं, पण त्याला गाण्याचं शिक्षण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता वाद्यांविषयी. पुण्यातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर किती पेट्या पडून आहेत याची मोजदाद कुणी केलेली नाही, पण पडून आहेत हे मी खात्रीने सांगते. ओळखीच्यांत निरोप फिरवला आणि पेट्या येऊ लागल्या. कुणाच्या आजोबांची, कुणाच्या आत्याची लग्नात दिलेली. एका गृहस्थांना पेटीवर वडिलांच्या नावाची पाटी हवी होती. लावली. दुसऱ्या एकांना पेटी देताना मुलांबरोबर फोटो हवा होता, आणि मुलं "जशी वस्तीत असतात तशीच" हवी होती. मुलं त्या दिवशी मुद्दाम तेल लावून, भांग पाडून, ठेवणीतले कपडे घालून आली. गृहस्थ जरा हिरमुसले. मला मनातून फार बरं वाटलं.

आलेल्या पेट्या वाजण्याच्या लायकीच्या क्वचितच असत. भात्याचं कापड उंदरांनी कुरतडलेलं, पट्ट्या फुगून अडकलेल्या, आत झुरळांची अंडी. बुधवार पेठेच्या बाजूला एक दुरुस्तीवाले काका होते, त्यांच्याकडे मी रिक्षात घालून पेट्या न्यायचे. ते पेटी वाजवून बघतच नसत. आधी वरची फळी काढायची, सुरांची एक पितळी पट्टी उचलायची, नखाने तिची जीभ टिचकवायची आणि कानाशी धरायची. "पालिताण्याचे सूर आहेत, ताई. खोकं फेका हवं तर, हे फेकू नका." गुजरातेतलं पालिताणा हार्मोनियमच्या सुरांसाठी नावाजलेलं. अशा तीन निकामी पेट्यांमधून एक धड पेटी उभी राहायची. शास्त्रीय संगीतातल्या जाणकारांचं पेटीशी जुनं भांडण आहे, आकाशवाणीने तर १९४० पासून तीस वर्षं तिला बंदी घातली होती. तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, निघत नाहीत, सगळं खरं. पण पत्र्याच्या हॉलमध्ये, बाहेर कुणाच्या तरी हळदीचा डीजे लागलेला असताना, मुलाला सूर दाखवायला दुसरं काय आहे ते त्या जाणकारांनी येऊन सांगावं.

तबल्याचं दुखणं वेगळं. पावसाळ्यात पुडी, म्हणजे वरचं कातडं, ओलावते, डग्गा बसतो, कितीही ठोका तो उतरतोच. एका जुलैमध्ये मी हातोडी घेऊन तबल्याच्या गट्ट्यांशी झटत होते, तेव्हा सातवीतला एक मुलगा म्हणाला, "ताई, शेकू का?" मला कळेना. मग कळलं, त्याचे वडील हलगी वाजवतात, वरातीत आणि जत्रांत. हलगी सैल पडली की कागद-पाचोळा पेटवून तिचं कातडं शेकतात, ते ताणतं आणि आवाज कडक होतो. तबल्याला शाई, म्हणजे मधला काळा लेप, असते, ती तडकेल, म्हणून नको, असं मी समजावलं. मग विचारलं, तुला येते हलगी? त्याने सतरंजीवर दोन काटक्यांनी जे काही वाजवलं ते ऐकून माझा तबल्याचा सहकारी, जो आठवड्यातून दोनदा नोकरीवरून सुटून यायचा, हातातला चहा विसरला. तीनतालाच्या सोळा मात्रा त्याला शिकवाव्या लागल्या नाहीत. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे, खाली, म्हणजे बिनजोराची जागा, कुठे, एवढं दाखवलं, बाकी लय त्याच्या अंगातच होती.

मी त्याच्या वडिलांना भेटले. म्हटलं, तुम्ही महिन्यातून एक दिवस येऊन मुलांना हलगी दाखवा. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, हलगी मी त्याला शिकवलीच नाही. बघून बघून शिकला. माझ्या बापाला हलगीसाठी बोलवायचे, पण ताट बाहेर द्यायचे. त्याला पेटी शिकवा. पेटी वाजवणाऱ्याला खुर्ची देतात." यावर मी काय बोलणार? मुलगा पेटी शिकला. बरी शिकला. तबला त्याहून चांगला वाजवतो, पण वडील क्लासच्या कार्यक्रमाला आले की तो पेटीवरच बसायचा. लोककला जपा, लोकवाद्यं शाळेत आणा, असं म्हणणाऱ्या भाषणांना मी पूर्वी टाळ्या वाजवायचे. आता आधी विचारते, जपायची कुणी?

आता ज्या गोष्टीने क्लासचं रूप खरं पालटलं तिच्याकडे येते. वर्षभर शिकवूनही मुलं एका पायरीवर अडली होती. सोमवारी बसवलेला अलंकार, म्हणजे सरावाचा सुरांचा पलटा, मंगळवारी पुन्हा पहिल्यापासून. घरी रियाज करता का, या माझ्या प्रश्नाला सगळे एकसुरात "हो ताई" म्हणायचे. एकदा त्या गंधारवाल्या मुलीच्या घरी काही कामाने गेले. दहा बाय दहाची खोली. त्यात पाच माणसं, टीव्ही, शिलाई मशीन. वडील रात्रपाळीचे वॉचमन, म्हणून दिवसा आवाज करायचा नाही. भिंत सामाईक, पलीकडच्या घरात आजारी माणूस. या घरात तिने वीस मिनिटं "सा" लावून बसायचं कुठे आणि कधी? माझ्या शिकवणीतल्या मुलांना खोली असते, दार असतं, पेटी असते, आणि "रियाजाला बस" म्हणून मागे लागणारं माणूस असतं. फीमध्ये मी जे शिकवते ते धरलेलं असतं. बाकीचं त्यांचं घर पुरवतं आणि ते कुणाच्या हिशोबात येत नाही.

आजींशी बोलले. सकाळी सहा ते आठ समाजमंदिर रिकामंच असतं, आजी तर चारला उठतात. ठरलं: आजी दार उघडणार, मुलांनी यायचं, आपापलं बसायचं, शिकवायला कुणी नाही. संध्याकाळीही क्लासच्या आधी एक तास तसाच. चार कोपरे चार जणांना, मधे कुणी नाही, भांडण झालं तर आजींचा शब्द शेवटचा. पहिल्या पंधरवड्यात तिथे रियाजापेक्षा झोपाच जास्त झाल्या, गृहपाठही झाले. मी काही बोलले नाही. पुढे हळूहळू कोपऱ्यांसाठी नंबर लागायला लागले. दिवाळीपर्यंत ऐकून कळायला लागलं की कोण सकाळी येतं आणि कोण नाही. मी तेच शिकवत होते, तसंच शिकवत होते.

दुसरी गोष्ट केली ती पेट्या घरी द्यायची. वही घातली, आठवडाभर एका घरी, मग दुसऱ्या. संस्थेतल्या काहींना धास्ती वाटत होती की पेटी विकली जाईल. विकली गेली नाही. एकदा मात्र पेटी बुडाली. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी घुसलं. गणपती विसर्जन होऊन चारच दिवस झाले होते. आमच्या काही मुलांची घरं त्यात होती. भांडी, कपडे, दप्तरं, दाखले, सगळं चिखलात. पुढचे काही आठवडे समाजमंदिरात क्लास नव्हता, चादरी आणि धान्याच्या पिशव्या होत्या. त्या धावपळीत एका मुलीची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, पेटी गेली. हप्त्याने देते." घरात गॅसची शेगडी उरली नव्हती, आणि ही बाई पेटीचे हप्ते सांगत होती. मी चिडलेच तिच्यावर. पेटीचा सरस सुटून तिच्या फळ्या वेगळ्या झाल्या होत्या. दुरुस्तीवाल्या काकांनी सूर काढून घासले, वाळवले, दुसऱ्या खोक्यात बसवले. त्यातले बहुतेक अजून वाजतात.

परीक्षा द्याव्यात की नाही यावर माझं मत दोन्हीकडे झुकतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षांनी महाराष्ट्रात घराघरांत गाणं नेलं, तसंच घोकून पास होणारे गायकही तयार केले. पण आमच्या पालकांना परीक्षा हवी होती. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, हे एका रिक्षावाल्या वडिलांना माझ्याआधी माहीत होतं. "गाणं कशाला" या प्रश्नाला त्यांच्याकडे आता घरी, चाळीत आणि भावकीत देता येईल असं उत्तर होतं. ते उत्तर मला पटो न पटो, त्याने मुली क्लासला टिकल्या.

फॉर्म भरणं हा स्वतंत्र ताप. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, जन्मतारीख तिसरीच. गुण हवे तर सगळीकडे नाव एक हवं. त्यात माझा जेवढा वेळ गेला तेवढ्यात दुर्गा राग शिकवून झाला असता. परीक्षेची फी संस्थेने भरली, पण निम्मी. निम्मी घरच्यांनी, हा माझा हट्ट होता आणि त्यावरून संस्थेत वाद झाला. प्रारंभिकला लेखी पेपर नसतो, सगळं तोंडी आणि प्रात्यक्षिक. पेठेतल्या केंद्रावर आमची मुलं गेली तेव्हा बाहेर बसलेल्या मुलांचे पालक त्यांना सरबत पाजत होते, "घाबरू नकोस" सांगत होते. आमच्या मुलांबरोबर मी आणि आजी. परीक्षकांनी एका मुलाला हाताने ताल दाखवून एकताल म्हणायला सांगितला. त्याने म्हटला, आणि विचारलं नसताना दुपटीतही म्हणून दाखवला. बाहेर येऊन म्हणाला, "सर हसले." एक मुलगी नापास झाली, तिला आत गेल्यावर शब्दच आठवेनात. पुढच्या सत्रात पुन्हा बसली. तिचं मला कौतुक आहे, कारण मधल्या सहा महिन्यांत तिची चेष्टा कमी झाली नाही.

गणपतीच्या आधीचे दोन महिने दरवर्षी क्लासला ओहोटी. मोठी मुलं ढोलपथकात, संध्याकाळी नदीपात्रात सराव. तबल्याची बोटं ढोलाच्या टिपरूने आखडून येतात, हाताला फोड, आवाज बसलेला. पहिली दोन वर्षं मी कुरकुर केली. पण तिथे त्यांना टोपी मिळते, झब्बा मिळतो, लक्ष्मी रोडवर हजारो माणसं बघत असतात. माझ्याकडे काय, तर भूप. मग त्या काळात नवीन काही शिकवणं बंद केलं आणि लहानांना वेळ दिला.

मार्च २०२० मध्ये सगळं थांबलं. माझ्या घरच्या शिकवण्या आठवडाभरात व्हिडिओ कॉलवर गेल्या. वस्तीत घरात फोन एक, तो वडिलांबरोबर कामाच्या शोधात, आणि रिचार्ज महिन्याच्या अखेरीस संपलेला. शिवाय फोनवर दोघांना एकत्र गाता येत नाही, आवाज मागे-पुढे पोचतो, समेवर दोघं कधीच भेटत नाहीत. मी छोट्या बंदिशी आणि अलंकार रेकॉर्ड करून पाठवायचे आणि मुलं उलट रेकॉर्ड करून पाठवायची. ती यायची रात्री अकरा-बाराला, फोन घरी आल्यावर. सगळे झोपलेले, म्हणून मुलं कुजबुजत गायची. कुजबुजत्या गाण्यात सूर तपासणं मी त्या वर्षी शिकले. काही मुलं त्या वर्षात गावी गेली ती परत आलीच नाहीत. दोन मुलींची लग्नं झाली. मुलांपैकी काही कामाला लागले, आणि पुन्हा शाळा सुरू झाल्यावरही कामावरच राहिले.

आता पैशाविषयी. थोर गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे मुंबईत. किती तरी शिष्यांना त्यांनी जवळ ठेवून, जेवूखाऊ घालून शिकवलं. जलसे करून पैसा उभा करायचा आणि विद्यालयात घालायचा. मुंबईची इमारत शेवटी कर्जापायी लिलावात गेली. त्यांच्या शिष्यांपैकी विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, आणि आज मी जे थोडंफार शिकवते ते त्याच धाग्यातून माझ्यापर्यंत आलं आहे. माझी त्यांच्याशी तुलना नाही, त्यांची ती चप्पलही मला पेलणार नाही. पण मुलाला फी पडत नाही तेव्हा ती दुसऱ्या कुणाला तरी पडतेच, आणि ती कुणाला हे वर्षाच्या सुरुवातीला वहीत लिहून ठेवावं, असं मी नव्या कार्यकर्त्यांना सांगते. आमच्या वहीत सगळ्यात मोठा आकडा माझ्या मानधनाचा नसतो. पुड्या, भाता, सूर लावणं, रिक्षा, चहा-पोहे यांचा असतो. पोहे वगळून बघितलं एका वर्षी, हजेरी पडली. सातच्या सुमाराला पोटात काही नसलेलं मूल दमसासाचे अलंकार गाऊ शकत नाही, त्यात गाण्याचा काही दोष नाही.

आता क्लासमध्ये लहान मुलांना मी शिकवत नाही. ती गंधारवाली मुलगी मध्यमा परीक्षेपर्यंत पोचली, कॉलेजात कॉमर्स करते, आणि आठवड्यातून तीन दिवस लहानांना घेते. मानधनावर. पहिल्यांदा तिला पाकीट दिलं तेव्हा ती घेईना, "ताई, माझ्याकडून तुम्ही कुठे घेतलं?" मी तिला सांगितलं की तुझ्याकडून न घेता संस्थेकडून घेत होते, आणि उशिरा मिळालं की भांडत होते. ती माझ्यापेक्षा कडक आहे. उशिरा आलेल्याला उभं करते. तानपुऱ्याचा नियम तिने आणखी पुढे नेला आहे, तानपुरा दिसला तरी बोलायचं नाही.

हलगीवाल्यांचा मुलगा एका कुरिअर कंपनीत आहे आणि रविवारी सुगम संगीताच्या कार्यक्रमांत साथीला जातो, तबल्यावर. वडिलांना आता त्याचं काही नाही, कार्यक्रमात तबलजीलाही चांगली बैठक मिळते हे त्यांनी पाहिलं आहे. यंदा मी त्यांना पुन्हा विचारलं. नाही म्हणाले नाहीत. अट घातली: हलगी शिकायला फक्त त्यांच्याच आळीतली नाही, सगळ्या आळ्यांतली मुलं हवीत, आणि सहकारनगरची माझी शिकवणीवाली दोन तरी हवीत. ती मुलं फी देऊन येतील, असंही म्हणाले. शिकवणीतल्या पालकांना मी निरोप टाकला आहे. तिघांचा होकार आला, एका आईने विचारलं आहे की यालाही परीक्षा असते का.